सत्तर किलोचा माणूस

"काका, एक पिशवी कमी आहे," मॅडम म्हणाल्या.

त्या ट्रामच्या दारात उभ्या होत्या, हातात यादी घेऊन. मी आत मधल्या वाटेत कमरेवर हात ठेवून उभा होतो. माझ्यामागे लंबू. त्याने लगेच छताकडे बघायला सुरुवात केली. काही बिनसलं की लंबू छताकडे बघतो, जसं काही तिथे त्याचं काम चाललंय.

"मोजल्यात मी," मी म्हटलं.

"मीपण मोजल्यात. दोनदा. चारशे हव्यात, तीनशे नव्व्याण्णव भरतात."

मॅडम चाचणी विभागाच्या इंजिनिअर. वय असेल पस्तीस-छत्तीस. डेपोत सगळे त्यांना वजनकाटा म्हणतात, अर्थात पाठीमागे. त्यांनी दोनदा मोजलं म्हणजे मोजलं.

आमचं काम काय ते आधी सांगतो. नवी ट्राम लोकांसाठी सुरू करण्याआधी ती भरलेल्या गाडीसारखी पळवून बघावी लागते. वेग घेते का, चढ चढते का, आणि मुख्य म्हणजे थांबते का. थांबते का हे बघायला माणसं बसवता येत नाहीत. म्हणून वाळूच्या पिशव्या. एक माणूस म्हणजे सत्तर किलो, असं वरून ठरून आलेलं आहे. जाडा, बारीक, बाई, बाप्या, सगळे सत्तर. सत्तर किलोची पिशवी एकट्याला उचलवत नाही म्हणून पस्तीसच्या दोन करायच्या. बसलेल्या माणसाची एक पिशवी सीटवर आणि एक पायाशी. उभ्या माणसाच्या दोन्ही खाली, एकीवर एक. साठ बसलेले, एकशेचाळीस उभे, मिळून दोनशे माणसं, चारशे पिशव्या, चौदा टन.

लंबू म्हणतो, आपले पॅसेंजर सगळ्यात शहाणे. भांडत नाहीत, थुंकत नाहीत, खिडकीवरून वाद नाही.

मॅडम आत आल्या. रांगेने चालत प्रत्येक सीट आणि सीटखाली बघत गेल्या. डावीकडच्या तिसऱ्या सीटपाशी थांबल्या. खिडकीशी एक पिशवी होती, पट्ट्याने नीट बांधलेली. तिच्या पायाशी काही नव्हतं.

"ही राहिली."

"विसरले असतील मॅडम," लंबू म्हणाला. "सकाळपासून चारशे उचलल्यात. वय झालंय माणसाचं."

मला तेवढंच म्हणायचं होतं. हो, विसरलो, आणतो. पण तोंडातून निघेना. अकरा वर्षं या लाईनवर काम केलं, खोटं मोजमाप एकदाही दिलेलं नाही.

"विसरलो नाही," मी म्हटलं. "तिथे एकच ठेवलीय."

"का?"

"तिथे बसणाऱ्याचं वजन तेवढंच आहे."

मॅडमनी यादीतून वर बघितलं. "कोण बसणारे?"

लंबूच बोलला, हळू आवाजात. "यांच्या मिसेस. गेल्या त्या, मॅडम. सात आठवडे झाले."

*

आम्ही नव्या वस्तीत राहायला गेलो तेव्हा तिथे बारा इमारती होत्या आणि रस्त्याला दिवे नव्हते. जागा विकणाऱ्याने नकाशा दाखवला होता. त्यावर एक जाड निळी रेघ होती, जुन्या शहरातून निघून आमच्या दारापर्यंत येणारी. "दोन वर्षांत ट्राम," तो म्हणाला. "घरातून निघालात की पंचवीस मिनिटांत मंडईत." हिने तो नकाशा मागून घेतला आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवला.

ही जुन्या शहरात शिवणकामाच्या दुकानात होती. लोकांच्या पँटी आखूड करायची, चेन बदलायची, आत दाबलेलं कापड सोडून कोट सैल करायची. दोन बस बदलून जायची. पहिली बस वस्तीतून भरूनच निघायची, दुसरी पुलावर अडकायची. जाऊन येऊन तीन तास, त्यातले अडीच उभ्याने. संध्याकाळी आली की आधी पाय भिंतीला वर लावून पडायची आणि नकाशाकडे बघून विचारायची, "काय म्हणते तुमची ट्राम?"

तेव्हा ट्राम माझी नव्हती. नंतर झाली. मी बांधकामावर मुकादम होतो, ट्रामची भरती निघाली आणि मी गेलो. आधी खड्डे खणले. रस्त्याखाली इतकं काय काय असतं, पाण्याचे पाइप, गटार, टेलिफोनच्या केबली, आणि यातलं एकही नकाशावर दाखवलेल्या जागी सापडत नाही. दोन वर्षं त्यातच गेली. मग काँक्रीट, मग रूळ. गुडघे दुखायला लागल्यावर मला डेपोत घेतलं.

"ट्राम येईपर्यंत माझे दात पडतील," ही म्हणायची.

"कवळी लावून बस."

"बसेन की. पण खिडकीशी. आणि डावीकडे."

डावीकडे का, तर आमच्या वस्तीच्या आधी रूळ उंचावर जातात आणि एक मोठं वळण घेतात. त्या वळणावरून आमची इमारत समोर येते. चौथ्या मजल्यावरची आमची गॅलरी अगदी समोर. मी तिथे काम करत असताना ती गॅलरीतून मला टॉवेल हलवून दाखवायची, जेवायला या म्हणून. बाकीचे हसायचे. तिला एकदा उलट्या बाजूने बघायचं होतं. "आपलं घर बाहेरून कसं दिसतं ते कधी बघितलंच नाही," म्हणायची. "खालून बघितलं तर नुसती मान दुखते."

मूलबाळ नाही आम्हाला. त्यामुळे असल्या बारीकसारीक गोष्टींवर आमचं बोलणं फार चालायचं.

*

मागच्या वर्षी गाड्या आल्या. रिकाम्या गाडीच्या चाचण्या सुरू झाल्या, सावकाश, माणसाच्या चालीने. गाडी चालवणाऱ्याला आम्ही पायलट म्हणतो. तरुण आहे, पण वागायला चांगला. आमच्या घरी दोनदा जेवून गेलेला. तो म्हणाला, "काका, काकूंना आणा एकदा. रिकामीच तर जाते गाडी. शेवटच्या थांब्यापर्यंत नेतो आणि परत आणून सोडतो. कोणाला पत्ता लागणार नाही."

मी घरी येऊन हे गंमत म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वॉचमन मला बोलवायला आला. "गेटवर तुमच्या घरून आल्यात."

बघतो तर ही. इस्त्रीचे कपडे, केस नीट बांधलेले, पायात लग्नाकार्यात घालायच्या चपला. हातात डबा होता, पायलटसाठी काहीतरी करून आणलेलं.

"काय गं, काय झालं?"

"काय व्हायचंय. ट्रामने जायला आले."

"वेडी का तू?"

"तुम्हीच म्हणालात, पायलट तयार आहे."

"तो तयार आहे. मी नाही. कोणी बघितलं तर त्याची नोकरी जाईल. बाहेरचं माणूस आत घ्यायचं नाही, लिहिलंय तिथे."

तिने पाटी वाचली. सगळी वाचली, खालच्या बारीक अक्षरांसकट. मग म्हणाली, "मी खाली वाकून बसते. बाहेरून दिसणार नाही."

"अगं, तीन महिन्यांत सुरूच होणार आहे. तिकीट काढून बसू. दोघं जण. मग रोज बस."

"रोज कशाला," ती म्हणाली. "एकदा बसले तरी झालं."

मी डबा घेतला आणि तिला बसथांब्याकडे पाठवलं. ती लगेच गेली नाही. गाडी बाहेर पडेपर्यंत जाळीशी उभी होती. पायलटने तिला बघून हात केला, तिनेही केला. मग रस्ता ओलांडून गेली.

संध्याकाळी मला म्हणाली, "तुमचं बरोबर होतं. नियम म्हणजे नियम." भाजी ढवळत म्हणाली, पाठमोरी. मला बरं वाटलं. समजूतदार आहे, असं वाटलं.

ती गेल्यानंतर कपाटातला शिवणाचा डबा मी उघडला. रिळांच्या खाली एक घडी घातलेला कागद होता. दवाखान्यातल्या तपासणीचा. त्यावर तारीख होती, गेटवर आली त्याच्या चार दिवस आधीची. मला तिने आजाराचं सांगितलं ते त्यानंतर तीन आठवड्यांनी.

*

तीन महिन्यांत ट्राम सुरू झाली नाही. पुलाच्या एका खांबाला चीर निघाली, म्हणून तारीख पुढे गेली. मग सिग्नलचं काहीतरी आलं. मग उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना वेळ नव्हता. दर वेळी मी घरी येऊन नवी तारीख सांगायचो आणि ती म्हणायची, "बरं, थांबते."

माझ्या हाताला वजनाची सवय आहे. पिशवी उचलली की चौतीस आहे की छत्तीस, मी काट्याशिवाय सांगतो. डेपोत यावर पैजा लागतात. तिला उचलून न्यायची वेळ आली, पलंगावरून बाथरूमला आणि परत, तेव्हा नको म्हटलं तरी हाताला कळायचं. आधी बावन्न. मग सत्तेचाळीस. एकदा मी नकळत बोलून गेलो, "बेचाळीस." ती माझ्या गळ्यात हात टाकून होती. म्हणाली, "मला पिशवी समजू नका हं. आणि दोन किलो तर माझ्या स्वभावाचेच आहेत." त्याच आठवड्यात दवाखान्यात वजन केलं. बेचाळीसच भरलं. नर्सने आकडा सांगितला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. नर्सला वाटलं असेल, कसली माणसं आहेत.

शेवटचं उचललं तेव्हा मी काही बोललो नाही. तिने विचारलं, "किती?" मी म्हटलं, "ठीक आहे." पस्तीस होती. बरोब्बर एक पिशवी.

म्हणून त्या सकाळी माझा हात थांबला. भरलेल्या गाडीची पहिली चाचणी होती. इतर सगळ्या सीटवर आम्ही दोन-दोन टाकत आलो. डावीकडच्या तिसऱ्या सीटवर एक ठेवली, पट्टा लावला, दुसरी उचलली आणि खाली ठेवायला वाकलो. नाही ठेवता आली. ती परत बाहेर घेऊन गेलो. लंबूने बघितलं होतं.

आणखी एक गोष्ट केली होती. घरातून निघताना धुतलेले कपडे गॅलरीत वाळत घातले होते. एरवी मी आतच घालतो, एकट्याचे असतात किती.

*

मॅडम यादीकडे बघत होत्या. पुढच्या केबिनमध्ये पायलटने दोन वेळा घंटा वाजवून बघितली.

"काका, मला चौदा टन लागतात," त्या म्हणाल्या. "एक पिशवी कमी असताना मी सही करू शकत नाही. उद्या या गाडीत खरोखरची दोनशे माणसं बसणारेत."

"बरोबर आहे," मी म्हटलं.

आणि बरोबरच होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. मी तसाच तर होतो. गेटवर मी वेगळं काय म्हटलं होतं?

मी खाली उतरलो. डेपोच्या दाराशी ती एक पिशवी बाजूला काढून ठेवलेली होती. खांद्यावर घेतली. डेपोच्या दारापासून गाडीपर्यंत साठ पावलं आहेत. मनात म्हटलं, एवढ्यापुरतं तरी ती बसली होती खिडकीशी. सकाळपासून दोन तास. आता पायाशी दुसरी आली की तिथे तो यादीतला माणूस बसेल, सत्तर किलोचा. इतर सगळ्यांसारखा.

आत आलो तर मॅडम तिसऱ्या सीटपाशी उभ्या. मी वाकायला लागलो.

"इथे नको," त्या म्हणाल्या. "मागे ठेवा. दोन दारांच्या मध्ये, खांबाशी."

"यादीत तर या सीटला दोन लिहिल्यात."

"यादी मीच केलीय." त्यांनी पेनाने काहीतरी खोडलं आणि बाजूला काहीतरी लिहिलं. "ब्रेकला एकूण वजन कळतं, काका. कोण कुठे बसलंय ते त्याला कळत नाही."

मी पिशवी मागे नेऊन खांबाशी ठेवली. वळलो तेव्हा त्या पुढच्या दाराशी पोचल्या होत्या आणि कोणाला तरी फोनवर झापत होत्या, केबल अजून का लावली नाही म्हणून.

लंबू माझ्या कानाशी आला. "विचार की त्यांना. मागे उभा राहशील खांबाला धरून. आज नाही म्हणायच्या नाहीत."

मला ते सुचलं नव्हतं असं नाही.

"नको," मी म्हटलं.

"अरे, दीड तासाचा प्रश्न आहे."

"तिला नाही म्हटलं मी, लंबू. आता स्वतःसाठी कसं विचारू?"

लंबूने छताकडे बघितलं. मग म्हणाला, "चल, चहा घेऊ," आणि उतरताना नेहमीप्रमाणे दाराच्या वरच्या पट्टीला डोकं आपटून घेतलं.

गाडी अकराला सुटली. पायलट, मॅडम, मोजमापाची मशीन घेतलेले दोघे आणि चारशे पिशव्या. भरलेली गाडी वेगळी निघते. रिकामी असताना हिसका देते, भरल्यावर जड पावलाने जाते. डेपोच्या दारातून ती उजवीकडे वळली. तिसरी खिडकी आमच्या बाजूला नव्हती, त्यामुळे मला काही दिसलं नाही.

चहा घेऊन आम्ही बाकावर बसलो. समोर घड्याळ होतं. मला तो सगळा रस्ता पाठ आहे, कारण तो मी खणलेला आहे. आता जुन्या बाजारचा थांबा, तिथे आम्हाला दगड लागला होता. आता कॉलेज. आता सरळ पट्टा, तिथे वेग घेतील आणि पहिला ब्रेक मारतील. आता दवाखान्याचा थांबा. तिला न्यायचो तेव्हा त्याच थांब्यासमोरून टॅक्सी जायची आणि ती म्हणायची, "छप्पर चांगलं केलंय." आता रूळ वर चढतात. आता वळण.

"साडेअकरा," लंबू म्हणाला.

"हं."

"काय हं?"

"काही नाही. आता दिसली असेल."

काय, ते त्याने विचारलं नाही.

आमच्या ट्रामला पाठपोट नाही, दोन्ही टोकांना केबिन आहे. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवत नाहीत. पायलट उतरून दुसऱ्या टोकाला जातो आणि तीच गाडी तशीच परत निघते. म्हणजे ती खिडकी जाताना ज्या बाजूला, येतानाही त्याच बाजूला. गॅलरी दोनदा दिसणार. हे मी तिला कधीतरी सांगायला हवं होतं. तिला आवडलं असतं.

गाडी परत आली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मॅडम उतरल्या, म्हणाल्या, "ब्रेक चांगला लागला. ठरल्या अंतरातले चार मीटर हातात राहिले," आणि ऑफिसकडे गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही. पायलट मागून उतरला. बाटलीतलं पाणी प्यायला, तोंड पुसलं.

"वळणावर जरा दमाने घेतली, काका. जाताना आणि येताना," तो म्हणाला. "वजनकाट्याने काय म्हणावं? काही नाही. मशीनवाला विचारायला लागला तर त्यालाच गप्प केलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

आत सगळा गोंधळ होता. जोरात ब्रेक मारला की पिशव्या पुढे जातात. पट्टे सैल असलेल्या कितीतरी खाली आल्या होत्या. उभ्या माणसांचे ढीग कोसळले होते. "सगळे ढोसून आलेत," लंबू म्हणाला आणि कामाला लागला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीची चाचणी होती, त्याच पिशव्या तिच्यात भरायच्या होत्या. म्हणून सगळ्या बाहेर काढून ताडपत्रीवर रचायच्या.

आम्ही मागून सुरुवात केली. लंबू आत, मी खाली. तो दारातून द्यायचा, मी रचायचो. पाच-पाचची थप्पी. दोन तास लागले. डावीकडची तिसरी सीट आली तेव्हा तो बाजूला झाला. "ही तू काढ," म्हणाला.

ती हलली नव्हती. जराशी काचेकडे कलली होती, एवढंच. मी पट्टा सोडला आणि दोन्ही हात घातले. डाव्या हाताला गार लागलं. उजवा काचेच्या बाजूने घातला होता, त्या बाजूने पिशवी गरम होती. सबंध रस्ताभर तिच्यावर ऊन आलं होतं.

मी ती खांद्यावर घेतली नाही. तशीच दोन्ही हातांवर घेऊन खाली उतरलो आणि ताडपत्रीवर ठेवली. लंबूने दारातून पुढची पिशवी दिली. थप्पी अजून एकीचीच होती, तिच्यावर आणखी चार बसल्या असत्या. मी ती शेजारी ठेवली.